दोन सदरे आणि एक फ्रॉक

प्रिय ठकी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, महिनाअखेरीस राजीनामा देते आणि कायमची घरी येते. तुम्हाला एकटं ठेवणार नाही." मी गप्प बसलो आणि मग तुझ्याकडे थंडी किती आहे ते विचारलं. फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. ते खातं तुझ्या आईचं होतं.

ती गेली, पण तिचं शिवणाचं मशीन अजून खिडकीपाशीच आहे. काल समोरच्या मास्तरीणबाई शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आल्या. कापड हातात घेतलं आणि हसता हसता रडायलाच लागल्या. म्हणाल्या, "ह्यांचा मागचा सदरा तुमच्या ठकीच्या विमानात झाला होता हो!"

तुला हे सगळं माहीत आहे की नाही, कोण जाणे. तू पहिल्यांदा परदेशी नोकरीवर निघालीस त्याच्या आदल्या दिवशी आईने तुझं शाळेतलं नकाशांचं पुस्तक बाहेर काढलं आणि आशियाच्या पानावर आपल्या गावापासून तुझ्या गावापर्यंत टेप लावली. वीतभरही भरेना. "हे काय, इथल्या इथे तर आहे!" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तू सकाळी उडालीस आणि दुपार झाली तरी पोचल्याचा फोन नाही. तेव्हा सगळा राग नकाशावर. "हा काढणाऱ्याचं कुणी लांब राहत नसणार."

त्यानंतर तिने किलोमीटर विचारले नाहीत की तास विचारले नाहीत. तुझं विमान सुटलं की मशीनवर बसायची. दोन सदरे आणि एक फ्रॉक होईपर्यंत तू उतरलेली असायचीस. परत जाताना समोरचा वारा लागतो, वेळ जास्त जातो, हे तूच तिला सांगितलंस. मग काज-बटणं त्या खेपेसाठी राखून ठेवायला लागली. "येताना वारा पाठीवर थाप मारतो, जाताना आडवा येतो. माणसापेक्षा शहाणा आहे," म्हणायची. गिऱ्हाइकं मला रस्त्यात अडवून तुझ्या रजेची चौकशी करायची, कपडे कधी मिळतील ते कळावं म्हणून!

त्या वेळात मी दारातून फाटकाकडे आणि फाटकातून दाराकडे फेऱ्या मारत असे. ती मान वर करत नसे. एकदा तिची पाठ वळल्यावर मी शिवण उलटून पाहिली. एक टाका वाकडा नव्हता. काळजी तिलाही माझ्याइतकीच होती, पण ती तिने कुणाच्या अंगावर टाकली नाही. जन्मात विमानात न बसलेली बाई. तुझ्याबद्दल मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची ठकी मुठीएवढ्या बाळांना जगवते. मी आपली चिंध्या जोडते."

तेव्हा राजीनामा देऊ नकोस. तुझा वॉर्ड सोडू नकोस. माझं बरं चाललंय, भाजी थोडी करपते एवढंच. हे फोनवर सांगता आलं असतं, असं तुला वाटेल. नसतं आलं. परवा मी गप्प बसलो, कारण "ये" हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तू पुन्हा विचारलंस तर तो सुटेल, माझा भरवसा नाही. म्हणून शांतपणे बसून हे लिहिलं. उद्या फोनवर मी काहीही बोललो, तरी तू हे पत्रच खरं धर.

तुझाच,
बाबा