पाटी नसलेली भट्टी

प्रिय रुओशी,

तुझं पत्र पोचलं. शियामेनची नोकरी सोडून तू कायमची घरी येणार, आजोबांची भट्टी माझ्या जोडीने चालवणार, हे कळल्यावर तुझे बाबा फोनवर चक्क रडले. मला मात्र काय लिहावं ते सुचेना. म्हणून आधी इकडची हकिकत सांगते.

ज्वारीची नवी दारू रांजणात भरली त्याच सुमारास छंगदूहून फान नावाचे एक म्हातारे चाखणारे आले होते. सगळ्या प्रांतात त्यांचा शब्द चालतो. आपल्या गल्लीत गाडी शिरत नाही, तेव्हा चालतच आले. कुणाला पत्ता विचारला नाही, वासावर थेट शेवटच्या घरापर्यंत. पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "म्हातारबुवा तर गेले ना? मग ही कुणी गाळली?" मी म्हटलं, "मीच. ते अंथरुणाला खिळल्यापासून मीच गाळते." फान उठले, पेला दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे वाकले. "बाई, तुमच्या वडिलांपेक्षा तुमचा हात सरस आहे."

तोवर दारात गर्दी जमली होती. फांग खाटीक तर ओरडायलाच लागला, "म्हातारा सांगून थकला, पाटी कशाला हवी! माल चोख असला की लोक वास काढत येतात. बघा, आले की नाही!" पाठोपाठ काउंटीच्या कचेरीतले साहेब आले. भिंतीवर माझ्या नावाचा पितळी फलक लागणार, शिकायला मुलं येणार, पाहुणे येणार. साहेब हसत म्हणाले, "छूबाई, आता तुम्ही गावाची ठेव झालात. इथून हलायचं नाही हं!" सगळे हसले, मीही हसले. पेले आणायला म्हणून आत गेले आणि मला बाहेरच येता येईना. भिंतीला हात लावून उभी राहिले.

तू लहानपणी ज्वारी आंबवायच्या त्या खड्ड्याच्या काठावर बसून नाक मुरडायचीस. त्याची माती जिवंत असते, त्यात सतत ज्वारी आंबत राहावी लागते. रिकामा ठेवला की माती सुकते, आणि मग पिढ्यांची चव गेलीच म्हणून समज. "खड्डा उपाशी ठेवायचा नसतो," आजोबा म्हणायचे. तुझे बाबा रेल्वेत गेले. मला परिचारिकेच्या शाळेत प्रवेश मिळाला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. आजोबा म्हणाले, "पोरी, एवढा हंगाम थांब. तुझ्या हाताला चव आहे." तो हंगाम संपला आणि दुसरा लागला.

पुढे लग्न जुळवणारी मावशी आली. म्हणाली, "शहरात माझ्या भाचीचं लग्न आहे, मुलीला पाठवा, चार लोकांच्या नजरेस पडेल." आजोबा तिच्यावर उसळले, "माझी पोर काय बाजारात मांडायची आहे? गुण असला की लोक दार शोधत येतात." लोक आले, ग! नदीपलीकडून, डोंगरापलीकडून आले. नळीखाली कॅन धरायचे आणि धारेकडे बघत राहायचे. माझ्याकडे एकाच माणसाने पाहिलं, याओ लिन नावाच्या बोटवाल्याने. "माझ्याबरोबर खालच्या बंदरात चल," म्हणाला. नेमका तेव्हा खड्डा उघडायचा होता. मी म्हटलं, थोडं थांब. त्याच्या बोटीला थांबता येत नव्हतं. आजोबा वाईट नव्हते. बोलायचे ते त्यांना मनापासून खरं वाटायचं, आणि दारूच्या बाबतीत ते खरंही झालं. शेवटी जीभ जड झाली तेव्हा माझं मनगट घट्ट धरून ते एकच शब्द बोलले. "खड्डा."

फलकाचं ठरलं त्या दिवशी मला आत शोधत ग्वेईझी आली. मागच्या खोलीत राहते ती विधवा, माझ्याबरोबर ज्वारी उपसते. "ताई, सगळं गाव हसतंय आणि तुम्ही रडताय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "ग्वेईझी, मला इथून जायचंय." आयुष्यात पहिल्यांदाच मी हे मोठ्याने बोलले. ती पदराआड काही लपवावं तशी हळूच बोलली, "मग मला द्या ना भट्टी. मला ना माहेर उरलं, ना सासर. सकाळी या खड्ड्याजवळ आले की वाटतं, आपली कुणाला तरी गरज आहे. ताई, मला इथंच राहायचंय." भिंती त्याच होत्या, आणि तिला त्यांच्या आत यायचं होतं.

पुढची भट्टी तिने लावली. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. दारू जराशी तिखट उतरली, पण खोटी नव्हती. फलकावर तिचं नाव घाला, असं मी साहेबांना सांगितलं. ते भडकले, "लोक तुमच्यासाठी येतात!" मी म्हटलं, "साहेब, लोक दारूसाठी येतात. माझ्यासाठी आले असते तर मी केव्हाच गेले असते." फांग खाटीक आता माझ्याशी बोलत नाही. बापाचं नाव बुडवलं, म्हणतो. म्हणू दे.

तेव्हा रुओशी, तू येऊ नकोस. आलीस तर सगळे तुझं तोंडभरून कौतुक करतील. ते कौतुक गोड असतं, म्हणून दार लागल्याचं कळत नाही. मीच तुझ्याकडे येतेय. तिकीट काढलंय, ग्वेईझीला किल्ली दिलीय. एका कोपऱ्यात अंथरूण टाकलंस तरी पुरे. पण मी स्वतःला ओळखते. तिथे पोचून दोन घास खाल्ले की माझे हात शिवशिवायला लागतील, ग्वेईझीने झाकण नीट लिंपलं असेल ना असं मनात येईल, आणि गाठोडं उचलून मी म्हणेन, जाते बाई, तिकडे खड्डा उपाशी असेल. मी रागावेन, तुला नाही नाही ते बोलेन, कदाचित आजोबांची शपथही घालेन. हे पत्र त्या वेळेसाठी लिहून ठेवतेय, माझ्यासमोर धरायला. काहीही झालं तरी मला जाऊ देऊ नकोस.

वाट बघ, निघालेच आहे.

तुझीच,
आत्या