पदराले बांधलेले नट-बोल्ट

प्रिय वैजयंती,

घेतला वं माय, घेतला! नट खोलाच्या मशीनले लावाचा इम्पॅक्ट सॉकेटचा सेट घेतला एकदाचा! काळा, जाड, आन् असा वजनदार का पेटी उचलताना माहा हात आपोआप कमरेवर जाते. आता ती पेटी माह्या समोर दिवाणावर हाये आन् मी तिच्याकडं पाहून पाहून तुले लिहून राह्यली. तुले वाटन, या म्हातारीले झालं तरी काय, जगदेवची माय सॉकेटवर पत्र लिहते! पण सांगू तरी कोनाले? शेजारच्या बायाईले पेटी उघडून दाखवली तं एकीनं इचारलं, यात इडल्या होतात काय. हे सांगाची मजा समजन अशी तू एकटीच हायेस. फोनच करणार होती, पण तू आमचा फोन उचलत नाईस. ते बरोबरच हाये. माह्या बापाच्या अंगणात येऊन कोनी तसं बोललं असतं तं मीबी उचलला नसता.

त्या दिवसाचं मी रोज आठवते आन् मले रोज हसू येते, मंग राग येते. लग्नाची तारीख काढाले आमी तुह्या घरी आलतो. पोहे झाले, चहा झाला, आन् निघता निघता आमच्या जीपचं मागचं चाक बसलं. बाप-लेक दोघंबी नटाशी झटू लागले. जगदेवनं आपला तो चमकता सॉकेट लावला, अंगातला सगळा जोर लावला, सॉकेट घसरला आन् नटाचे कोपरे गोल करून बसला. तेवढ्यात तुनं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला, पदर खोचला आन् घरातून बॅटरीची मशीन घेऊन आली. तिच्या तोंडाले एक काळा सॉकेट. खर्र, खर्र, खर्र, आन् चाक खाली! मी तं टाळ्या वाजवणार होती. जाता जाता तुनं मले समजावूनबी सांगतलं, का मावशी, बारा कोनांचा सॉकेट नटाचा कोपरा धरते, कोपरा गेला का तो गेला. सहा कोनांचा असला का तो नटाची बाजू धरते. साडीले ग्रीस लागलं होतं आन् तुह्या तोंडावर काय तेज होतं, बापा!

आन् तेवढ्यात जगदेवचे बाबा बोलले. तुह्या वडलाच्या तोंडावर, चार माणसांत, का तुमच्या घरी हे चालत असन, आमच्या घरी बाया पाना धरत नाईत. तुनं हात पुसले आन् घरात गेली. मंग आठ दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून तुहा निरोप आला, का मले इचार करू द्या, पाना सोडून मी कोनाच्याच घरी येणार नाई. बस्स. तुळशीचं लग्न लागून गेलं, आमच्या तारखेचा पत्ता नाई. सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला, पण आमच्या घरात कोनाचंच चित्त थाऱ्यावर नाई. जगदेव जेवते का नाई ते मले ताट पाहून समजते. तू हो म्हणतेस का नाई म्हणतेस, यावर आमचं घर टांगून हाये, हे मी तुह्यापासून काहून लपवू?

तं माह्या भिशीचा नंबर लागला. पैसे हातात आले तवा दरवर्षीसारखं सोन्याच्या मण्याचं काई मनात आलंच नाई. मनात आलं ते तुह्या हातातलं खर्र खर्र. मंग काय, उचलली पिशवी आन् बसली कारंज्याच्या एसटीत. मंडीच्या रस्त्याले गोविंदसिंगचं हार्डवेअरचं दुकान हाये. मी पायरी चढली तं त्यानं न इचारता गॅसचं लायटर समोर ठेवलं. मी म्हटलं, भाऊ, लायटर ठेव तुह्याजवळ, मले सॉकेटचा सेट दाखव, मशीनवर चालणारा, आन् गरिबाले परवडन असा. त्यानं लायटर उचलून ठेवलं. मंग त्यानं तीन पेट्या उघडल्या. दोन काळ्या, आन् एक अशी चमचमती का डोळे दिपले माहे.

आता इथं तू हसशीन, पण हास. मी बाईमाणूस, जनमभर मी भांडे पारखून घेतले. तेच केलं. टिचकी मारली तं चमकत्याचा आवाज खणखणीत आला, काळ्याचा आवाज मडक्याले तडा गेल्यावानी बद्द. तोंड पाह्यलं तं चमकत्यात कपाळाचं कुंकू दिसे. नग मोजले तं तेच जास्ती, वर दांडा, जोड, पेटीले कडी, आन् भाव सगळ्याईत कमी! रुखवतात मांडला तं काय उठून दिसन, हेबी मनात येऊन गेलं. गोविंदसिंग काई तरी सांगू पाहे, पण मी कोनाचं ऐकते? तोच घेतला. जणू वाशीमच्या बाजारातून डब्याईचा सेट आणला असा मांडीवर धरून घरी आणला. पेटीले हळद-कुंकू लावलं, नारळ फोडलं.

जगदेवनं पेटी पाह्यली आन् त्याचा चेहरा उतरला. पण माह्यापुढं बोलाची त्याची कधी हिंमत झाली? गावातल्या टायरवाल्याची मशीन तेवढी तो मागून घेऊन आला, म्हणे आई, एकडाव लावून पाहू. जुन्या ट्रॉलीच्या नटाले त्यानं सॉकेट लावला आन् मशीन दाबली. दोन डाव फिरला असन नसन, फाट् करून फुटला! तुकडा उडून गोठ्याच्या टिनावर असा आदळला का बैल दाव्याले हिसका देऊन उभे राह्यले. जगदेव हात झटकत म्हणे काई झालं नाई, काई झालं नाई. पण मी तिथंच जमिनीवर बसली आन् रडली वं. वैजयंती, तो तुकडा तुह्या डोळ्यात गेला असता तं? चमक पाहून मी हे कायले घेऊन आली? रंगरूप पाहून नवरा निवडणाऱ्या बायाईले आपण नावं ठेवतो, आन् मी तेच केलं!

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा कारंजा. गोविंदसिंगनं फुटका सॉकेट हातात घेतला, पेटीवरचं अक्षर दाखवलं का हा हातानं फिरवाचा माल हाये, मशीनचा नोहे. तेच मी तुमाले सांगत होतो, म्हणे. पेटी वापस घे म्हटलं तं म्हणे, माऊली, फुटलेलं एक वेळ सोडून देईन, पण हळद-कुंकू लावलेला माल मी दुसऱ्याले कसा विकू? खरं हाये त्याचं. दुकानातले सगळे हसले, मीबी हसली. तो चमकता सेट आता घरी हाये, जगदेव हातानं फिरवते, तेवढ्याले तो बरा चालते.

पण या डावाले मी तयारीनं गेलती. सोबत जगदेवच्या बाबाले घेतलं. कोनासाठी ते सांगतलं नाई, नुसतं म्हटलं का घरी चांगला सेट पाह्यजे. त्याईचं कसं हाये, बाईनं पाना धरलेला चालत नाई, पण खराब पाना विकत घेतलेला त्याहून चालत नाई. आन् माह्या पदराले मी नट-बोल्ट बांधून नेले होते. जीपचा एक, मोटारसायकलचा एक, मळणी यंत्राचा एक, फवारणीच्या पंपाचा एक. बांगडी भराले गेलं का मापाची जुनी बांगडी नेतो का नाई, तसं! मी काउंटरवर पदर सोडला तं सगळा बाजार पाहू लागला.

मंग सुरू झाली आमची पारख. पहिली काळी पेटी स्वस्त, नग भरपूर. पण नंबर नुसता रंगानं लिहलेला. जगदेवच्या बाबानं अंगठा घासला तं सतराचा सात झाला. नट आत टाकून हलवला तं खुळखुळ्यावानी वाजे. ते म्हणे, आज हलते, उद्या घसरन, परवा नट खाईन. दुसरी काळी पेटी थोडी महाग, नग कमी, ना दांडा ना जोड, पेटीबी साधीच. पण नंबर लोखंडात कोरलेला, आतून सहा कोन, आन् नट असा जाऊन बसे का उलटा धरला तरी पडाले दोन घडी लागे. मी म्हटलं, अहो, पण हे एवढे लांब कायले? तं त्याईनं माह्या पदरातला जीपचा बोल्ट उचलला, त्यावर नट चढवला आन् दाखवलं का बोल्टचं टोक नटाच्या बाहेर येते. बुटक्या सॉकेटात ते टोक आधीच टेकते आन् नटाले पकड बसत नाई. लांबट्याच्या पोटात टोक मावते. बोलता बोलता ते इतके रंगले का गोविंदसिंगलेच शिकवू लागले. मी मनातल्या मनात म्हटलं, माणसा, हेच तं त्या पोरीनं तुह्या जीपवर करून दाखवलं होतं, तवा तुहे डोळे कुठं होते? दोघांनी मिळून भाव पाडला, भांडलो, उठून निघालो, पायरीवरून वापस आलो, आन् घेतला!

एसटीत बसल्यावर मी सांगून टाकलं, का हा वैजयंतीसाठी हाये. मले वाटलं आता गाडी थांबवतात. पण ते मानोरा येईपर्यंत खिडकीतून तुरीचे वावरं पाहत बसले.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी पुसाले घेतली तं आत एक जास्तीचं गाठोडं. फडक्यात गुंडाळलेला त्याईचा मोठा सॉकेट, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा. वीस वर्षं झाले, तो खिळ्याले टांगलेला असते आन् भावालेबी मागून भेटत नाई. मी इचारलं तं दाढी करता करता आरशातच पाहून म्हणे, त्या सेटात एवढा मोठा नाई, ट्रॅक्टरले लागते. तेवढंच. त्याईचं मन पालटलं असं मी लिहणार नाई. तुह्या वडलापाशी येऊन ते चुकलो म्हणतीन का, तेबी मले ठाऊक नाई. जे झालं ते लिहलं, तुले काय समजाचं ते समज. आन् हो, तो मोठा सॉकेट जुना हाये, हाताचा हाये. मशीनले लावू नोको, तुले माह्या गळ्याची आन हाये.

आता पेटी जगदेवच्या हातानं धाडून राह्यली. त्याले मी सांगतलं हाये का पेटी दे, पाणी पे आन् वापस ये. त्याले स्वतःहून काई बोलाचं असन तं ते त्यानं आपल्या तोंडानं बोलावं. त्या दिवशी बापापुढं तो गप्प राह्यला ते माह्या पत्रानं भरून निघणार नाई. आन् मी तुले हो म्हण असं सांगाले हे लिहलं नाई वं. उलट भ्याली मी. पेटी पाहून तुले वाटन, सासूनं एवढं केलं, आता नाई कसं म्हणू? म्हणून लिहाले बसली. सासू देते तो आहेर असते, आन् सोयरीक मोडली का आहेर वापस करा लागते. हा आहेर नोहे. मले पोटची लेक नाई, म्हणून आंदण द्याचं माह्या हातून राहून गेलं होतं, ते मी आज दिलं. तू आमच्या घरी आली तं ही पेटी आपल्या आंदणाची म्हणून ताठ मानेनं आमच्या दारातून आत आण. दुसऱ्या घरी गेली तं तिथं ने. कुठंच गेली नाई तं आपल्या अंगणात वापर. नाईच म्हणाचं असन तं साखरपुड्याची साडी आन् अंगठी धाडून दे, रीतच हाये, मी राग धरणार नाई. पेटी तेवढी धाडू नोको. लेकीचं आंदण कोनती माय वापस घेते?

तुहीच,
मनकर्णाबाई