आण्णांनी पाठवलेली पोरं

४ जाने., रवि.
विश्रामबागच्या ग्राऊंडवर सेमीफायनल. आपल्या पोरांनी सातारची टीम लोळवली. ओरडून ओरडून घसा बसला. आता २६ ला फायनल, आपल्याच ग्राऊंडवर.
मॅचनंतर चहाला जुने प्रेक्षक जमलो. कोच विलासनं विषय काढला, "मास्तर, फायनलला आण्णांना बोलवायचं. सत्कार करायचा."
आण्णा म्हणजे आपल्या बास्केटबॉल टीमचे जुने मॅनेजर. दर साली टीम जमायची, फायनल तोंडावर यायची, आणि आण्णा नेमकं सगळ्यात भारी पोरगं उचलून फौजेच्या खेळाडू-भरतीला पाठवायचे. मग आमी हरायचो. "टीम विकली ह्या माणसानं" म्हणून सगळ्यात मोठ्यानं बोंबलणारा कोण? मीच की.

६ जाने., मंगळ.
दिवसभर दुकानात फायनलच्या जर्स्या कापल्या. डोक्यात आण्णा. ग्रुपवर भांडणं. एकानं लिहिलं, "इतक्या फायनली घालवल्या, कसला सत्कार?" विलासनं टाकलं, "मला पाठवलं नसतं तर आज मी कारखान्याच्या गेटवर असतो. फौजेतनं हवालदार होऊन आलो, म्हणून तुमची पोरं शिकवतोय."
खरंच हाय. रोज सकाळी पोरांना पळवणारे तिघंही कोच आण्णांनीच पाठवलेले. पेन्शन घेऊन परत इथंच आले. सुईचं नेढं दिसतंय मला अजून बिनचष्म्याचं, अन् हे न्हाई दिसलं!

११ जाने., रवि.
बोलवायचं ठरलं. फोन कुणी करायचा म्हटल्यावर सगळे माझ्याकडं बघाय लागले. बरोबर हाय त्यांचं.
मॅनेजर टीम सोडून निघाला की प्रेक्षकांपैकी एकानं त्याला फेटा बांधायचा, ही आपल्या मंडळाची रीत. टेलर म्हणून मान माझा. आण्णा निघाले त्या दिवशी मी कापड काखेत मारलं अन् सरळ घरी आलो. माझ्यामागनं अख्खी गॅलरी उठली. आण्णा मोकळ्या डोक्यानं एसटीत बसले, आपल्या गावी खंडाळ्याला गेले, ते परत कधी आलेच न्हाईत. लिहिताना लाज वाटती.
ही म्हणाली, "इतकी वर्षं मिरवलात ना ते? आता करा फोन."

१३ जाने., मंगळ.
केला.
"आवं आण्णा, रफीक टेलर बोलतोय, सांगलीवरनं."
"व्हय? अजून मापं चुकतोयस का रं?"
हसले की! जीव भांड्यात पडला. माफी मागितली, अडखळतच. म्हणाले, "सोड रं. टीमवर जीव होता तुमचा, म्हणून शिव्या दिल्या. ज्यांना कायबी वाटत नव्हतं ते कुठं आले भांडायला?"
सत्काराचं काढलं तर म्हणाले, "दत्ता येणार हाय का?"
कोण दत्ता, मी विचारलं. खरंच आठवेना.
"ज्याला पाठवाय नको होता, त्यो. त्यो आला तर मी येतो. न्हाईतर राहू दे."

१५ जाने., गुरु.
विलासनं आठवण करून दिली. शिराळ्याचा दत्ता, डावखुरा. उडायचा तर बघत राहावं. त्याला फौजेत जायचंच नव्हतं, घरी आई एकटी. आण्णांनी ऐकलं न्हाई. फॉर्म भरला अन् गाडीत बसवला. तीन महिन्यांत पोरगं परत.
मग मलाही आठवलं. दुकानात आला होता तेव्हा. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आला का पळपुट्या?" हशा पिकला. त्यानंतर त्यानं बॉलला हात लावला न्हाई.
म्हणजे ज्या पोरांचं भलं झालं त्यांच्यापायी आण्णांना शिव्या घातल्या, अन् ज्याचं वाटोळं झालं त्याला हसलो. वा रं आमी!

१८ जाने., रवि.
शिराळा. दत्ताचा टेम्पो हाय आता, भाजी नेतो. केस पिकलेत. मला बघून, "मास्तर! या की, या." बायकोनं पोहे केले.
म्हणालो, "दत्ता, चुकलं माझं. पळपुट्या म्हणालो होतो."
तो टेम्पोची काच पुसत राहिला. मग, "आय आजारी होती म्हणून आलो परत. गेली तवा तिच्याजवळ होतो मी. त्याचं मला कायबी वाईट वाटत न्हाई. पण मास्तर, खेळ गेला माझा. त्यो आता कोण देणार?"
आण्णांची अट सांगितली. "बघू," एवढंच म्हणाला.
पण निघताना स्टँडपर्यंत टेम्पोतनं सोडलं. मला लय बरं वाटलं.

२३ जाने., शुक्र.
दत्ताचा फोन न्हाई. जर्स्या झाल्या. पोरं घालून आरशापुढं नाचत होती, दुकान भरल्यासारखं वाटलं.
ग्रुपवर आता आण्णा "देवमाणूस"! कालपर्यंत विकाऊ, आज देव. मधलं काय जमतच न्हाई आपल्याला. मी लिहिलं, "माणूस म्हणा. एक चुकलंय त्यांचं, अन् ते त्यांच्या ध्यानात हाय. आपलं किती चुकलं ते मोजा." तिघांनी अंगठा दाखवला. एक जण ग्रुप सोडून गेला.

२६ जाने., सोम.
झेंडावंदन करून ग्राऊंडवर आलो. विलास पळतच आला. दत्ता काल टेम्पो घेऊन खंडाळ्याला गेलाय! कुणाला न विचारता, एकटाच. रात्री आण्णांकडंच मुक्काम.
दोघांचेही फोन लागेनात, म्हणून विलासनं आण्णांच्या लेकीला लावला. ती म्हणाली, "सकाळपासनं अंगणात बसलेत दोघं. पहिल्यांदा दत्ताचा आवाज चढला होता. आता हळू बोलतायत. चहा दोनदा गार झाला. मी काय मधी गेले न्हाई."
फायनल चारला. साडेबारा होऊन गेले. आत्ता निघाले तरच पोचतील.
विलास म्हणाला, "लावू का परत? आठवण करून देऊ?"
मी म्हणालो, "नको रं. बोलू दे त्यांना. फायनल काय, पुढच्या साली पण होईल."