कॉलर्डची भाजी

अटलांटा,
११ जानेवारी १९९५

ओझेला मावशी,

रूफसकाकांचा गुडघा आता बरा असेल. इकडे थंडी मरणाची आहे. आईला अजून हॉस्पिटलमधून सोडलेलं नाही. उजवा हात उचलता येत नाही, शब्द फुटत नाही.

खुशाली संपली. आता माझं ऐक.

ख्रिसमसला आईला तुझ्याकडे सोडलं, तेव्हा तुझ्या दारात उभी राहून मी घसा फोडून सांगितलं होतं. तिच्या हृदयात सप्टेंबरमध्ये धातूची झडप बसवली आहे, तिथे गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, आणि हिरव्या पालेभाजीतल्या सत्त्वाने त्या गोळीचा जोर कमी होतो. एक पानसुद्धा द्यायचं नाही! तू काय केलंस? दहा दिवस पातेलं भरभरून कॉलर्ड शिजवलंस. नववर्षाच्या दिवशी तिने तीन वाट्या खाल्ल्या आणि मक्याच्या पावाबरोबर पातेल्यातलं पाणीसुद्धा संपवलं, हे तूच मला फोनवर कौतुकाने सांगितलंस.

वर मलाच शिकवलंस. ‘‘अगं, नववर्षाला कॉलर्ड खाल्लं नाही तर वर्षभर घरात बरकत राहत नाही. तुझी आई जन्मभर खात आली, तेव्हा कुठे झाली गुठळी? शहरात जाऊन फार शहाणी झालीस!’’

तेव्हा झडप नव्हती, मावशी. तिला घरी आणून दोन दिवस झाले नाहीत तोच, चार तारखेला सकाळी, माझ्यासमोर तिच्या हातातून कप पडला. गुठळी मेंदूत गेली होती.

तू म्हणशील, ती मागत होती. मागणारच. तीन महिने तिने ते पान बघितलंसुद्धा नव्हतं. मी घरात येऊच दिलं नाही. तो वास मला सहन होत नाही, तुला माहीत आहे. शाळेत माझ्या कपड्यांना तो यायचा आणि पोरी नाक दाबून हसायच्या. पण त्याचा इथे काही संबंध नाही.

काल क्लिनिकच्या नर्सबाई मिसेस टालमॅज हॉस्पिटलमध्ये आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘ऑपरेशनच्या आधी तुमच्या आई पालेभाजी किती खायच्या?’’

‘‘रोज,’’ मी म्हटलं.

‘‘मग बंद का केलीत? आम्ही कागद दिला होता ना? रोज सारखीच खायची, एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायची नाही. त्या बेतानेच आम्ही गोळी ठरवतो.’’

मी म्हटलं, आम्हाला कागद मिळालाच नाही.

मिळाला होता. टेबलाच्या खणात तळाशी ठेवला होता मी, आईच्या हाती लागू नये म्हणून. क्लिनिकमध्ये दर वेळी सांगितलं, आई पालेभाजी खात नाही. त्यांनी त्या हिशेबाने गोळी दिली, आणि मग एकदम तुझं पातेलं!

तू ऐकायला हवं होतंस. यावरून मी तसूभर हटणार नाही. पण रोज अर्धी वाटी मिळाली असती तर ती तुझ्याकडे भाजीवर अशी तुटून पडली नसती.

डॉक्टरांच्या कागदावर मी लिहवून घेतलं आहे की मनाई असताना बहिणीने खायला घातलं. सगळ्या नातेवाइकांना, तुमच्या पाद्रीबाबांनासुद्धा, फोन करून तेच ऐकवलं. कालपासून मी कुणालाच फोन केलेला नाही.

शुक्रवारी आई घरी येईल. आता रोज अर्धी वाटी, कमी नाही, जास्त नाही. काल मी कॉलर्ड शिजवून नेलं. तिने एक घास घेतला आणि डाव्या हाताने वाटी बाजूला सरकवली. मला ती भाजी करता येत नाही, मावशी.

तुझ्यावर राग आहे का, असं मी तिला विचारलं. तिने मान हलवून नाही म्हटलं. माझ्यावर आहे का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

तू ये. काय बोलायचं ते मला तोंडावर बोल, तिच्यासमोर बोल. खणातला तो कागद मी तुझ्या हातात देईन. तिला तू वाचून दाखव.

तुला माफ न केलेली, आणि तुझ्याकडे माफी मागायला तोंड नसलेली,
व्हर्डेल