कॅबिनेटवरच्या अक्षता

बाबा, तुमच्यावरचा एक जुना राग आज काढायचा म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस-एकवीस वर्षं झाली, म्हणजे हा राग तुमच्यापेक्षाही चिवट निघाला. मी नववीत होते. गढ़ा मोहल्ल्यातल्या आपल्या दोन खोल्या, कारखान्यातून आल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोकांचे रेडिओ नि मिक्सर उघडून बसलेले तुम्ही, आणि त्या संध्याकाळी तुमच्या करंट तपासायच्या मीटरचा काटा हलेना. तुम्ही वळून माझ्याकडेच पाहिलंत. "हात काहून लावला? कितीदा सांगून राहिलो तुला!" मी लावला नव्हता. तसं म्हटलंही, पण तुम्ही ऐकलं नाहीत. आई पोळी लाटता लाटता थांबली, मी न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी कळलं की तुम्हीच शेजाऱ्यांची लाइन तपासताना मीटरचं बटण चुकीच्या खुणेवर ठेवलं होतं नि आतला फ्यूज उडाला होता. तेही मला आईने सांगितलं, तुम्ही नाही. त्यानंतर एक दिवस तुम्ही लाल मुठीचा नवाकोरा टेस्टर माझ्यासमोर ठेवलात. "घे, तुझा." एवढंच. आई म्हणायची, अगं, तीच त्यांची माफी. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. देवाने तोंड दिलं आहे ना, मग टेस्टर कशाला?

आता आजचं सांगते. तुमची नात आर्किटेक्चर शिकते. तिचं सगळं काम, तीन महिन्यांची ड्रॉइंगं, एका एसएसडी ड्राइव्हवर असतं. तुम्ही पाहिली नाहीत ती वस्तू. पत्त्यांच्या जोडापेक्षाही पातळ, आत काहीच फिरत नाही, आवाज नाही. मी चेरीतालच्या घरी लग्नपत्रिकांचं डिझाइन करते, तो मोठा कॉम्प्युटर आम्हा दोघींचा. त्याच्या कॅबिनेटच्या डोक्यावर झाकण असलेली एक खाच आहे. कॉम्प्युटर चालू असतानाच त्यात ड्राइव्ह उभा दाबायचा, काम झालं की काढून कॉलेजात न्यायचा. तिला सोमवारी सबमिशन. शनिवारी सकाळी तिने ड्राइव्ह दाबला तर पडद्यावर काही नाही. काढला, पुन्हा दाबला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही नाही. दुसरीकडे कुठे कॉपी काढून ठेवलीय का, विचारलं, तर मान खाली.

मी तोंडाचा पट्टा सोडला. "न सांगता-सवरता खस्सकन ओढतेस, मग जळेल नाही तर काय होईल? कितीदा सांगितलं, आधी पडद्यावरून बंद कर, मग काढ!" ती रडकुंडीला आली. "मम्मी, काल तर मी बरोबर काढली होती, सच में." मी ऐकलं नाही. मैत्रिणीला ईमेल केलेली जुनी ड्रॉइंगं मिळतात का बघायला ती स्कूटर काढून तिच्याकडे राइट टाउनला निघून गेली.

ती गेल्यावर डोकं जागेवर आलं. तुम्ही बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायचात. मी माझा चांगला ड्राइव्ह त्या खाचेत घातला. तोही दिसेना. म्हणजे दोष तिच्या ड्राइव्हमध्ये नसावा. हे आरडाओरडा करण्याआधी पाहायला दोन मिनिटं लागली असती. मग वीज बंद करून कॅबिनेटची बाजू उघडली, आतल्या माझ्या जादा डिस्कच्या वायरी काढून तिच्या ड्राइव्हला लावल्या, नि सुरू केलं. सगळी ड्रॉइंगं जागच्या जागी. बाबा, मी खुर्चीवर बसून चक्क रडले. मग पुन्हा वीज बंद केली आणि मोबाइलचा उजेड खाचेत पाडला. तळाशी, ड्राइव्ह जिथे बसतो त्या सॉकेटमध्ये, तांदळाचा एक दाणा आडवा अडकलेला. कुंकवाने लाल.

शुक्रवारी खंडेनवमी होती. तुम्ही पक्कड, पाने, सोल्डरिंगची कांडी वर्तमानपत्रावर मांडून पूजा करायचात, तशी मी दरवर्षी कॉम्प्युटरची करते. कॅबिनेटला हळदकुंकू लावते, झेंडू ठेवते, नि मूठभर अक्षता डोक्यावर टाकते. झाकण ढिलं झालंय, हे मला ठाऊक होतं. चिमट्याने दाणा काढला, ड्राइव्ह घातला, लगेच दिसला.

ती दुपारी परतली, दारातूनच, "क्या हुआ, मम्मी?" मी म्हटलं, "झालं. सगळं आहे." तिने मला मिठी मारली नि ती म्हणाली, "सॉरी मम्मी. माझ्याच हाताने झालं असेल. मी जल्दी करते ना." तांदळाचा दाणा तेव्हा माझ्या पदराच्या टोकात बांधलेला होता. सांगायला तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर "अच्छा, चलो. आता तरी सांभाळून काढत जा."

माझ्याच चुकीबद्दल मी तिला माफ करून टाकलं, बाबा. तुम्ही निदान टेस्टर तरी आणला होतात.

आज आठ दिवस झाले. सबमिशन छान झालं. हे पत्र कुठे धाडायचं नाही, आणि तिच्या हाती लागेल अशा जागी ठेवायची माझी हिंमत नाही. आत्ताही ती बाजूलाच काम करून राहिली आहे. हल्ली ड्राइव्ह काढायच्या आधी ती दरवेळी थांबते नि मला विचारते, "मम्मी, काढू?" आणि मी म्हणते, "हो, काढ."