पाटीवरचे दोन शब्द

इंदूर, मंगळवार, दिवेलागण

आजपासून जेलमध्ये खुनी-दरोडेखोरांची बराक वेगळी. मध्यभारत सरकारचा हुकूम आहे, किरकोळ चोर त्यांच्या संगतीत बिघडू नयेत म्हणून. पाटी मीच लिहिली. ‘गंभीर अपराध के कैदी’ एवढं मावेना, तर ‘गंभीर कैदी’ लिहून मोकळा झालो. कारकुनी अक्कल, दुसरं काय!

जन्मठेपेचा भेरू पाटीपुढे थांबला, एकेक अक्षर लावत वाचलं आणि खो खो हसला. “बाबूजी, इधर हँसना मना है क्या?” मलाही हसू आलं. खुन्याबरोबर हसलो मी?

पण हा तर परवापरवापर्यंत कागदावर अंगठा उठवायचा! वाचायला शिकवलं कोणी?

“कन्हैया ने।”

कन्हैया म्हणजे सायकलचोर, सहा महिन्यांची सजा. तो जुन्याच बराकीत राहिला. मग कोण कोणाच्या संगतीत काय होत होतं? हुकूम काढणाऱ्यांनी हे पाहिलं तरी होतं का?

“आता पुढचं कोण शिकवणार?” मी विचारलं. भेरूने पाटीकडे बोट केलं. “उसके बिना ये पहली बार पढ़ा, बाबूजी।”

तेव्हा तो हसत नव्हता. माझी पाटी बरोबरच निघाली.