उसना दशक

बाई,

काल माझ्या तिसरीच्या वर्गात एका पोरीने बावन्नातून अडतीस वजा केले आणि उत्तर काढलं चोवीस. शेजारच्या पोरींनी लगेच हसून घेतलं. मी मात्र तिची पाटी हातात घेऊन उभीच राहिले, कारण तिने पाचाला काट मारून चार केले होते आणि चाराला काट मारून पुन्हा पाच. म्हटलं, हे परत पाच कशाला गं? हळूच म्हणाली, "मॅडम, उसना घेतल्ता ना, मंग वापस नको करायला?" राजूरच्या शाळेत इतकी वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी थांबले होते, हे मला कालच कळलं. कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं. तुम्ही नाहीत, आणि नसून जमाना झाला, हे लक्षात यायला एक क्षण गेला.

धावड्याच्या शाळेत तिसरीत असताना हीच चूक माझी होती. आमच्या आईचा दंडक होता, शेजारून वाटीभर साखर आणली की दिवे लागायच्या आत वाटी परत गेली पाहिजे. मग दशकाकडून घेतलेला एक तरी मी कसा ठेवून घेणार? गणित संपलं की इमानाने ज्याचा त्याला देऊन टाकायची. माझी सगळी उत्तरं दहाने जास्त. हेडसरांनी परीक्षेआधीच घरी निरोप धाडला, यंदा हिला वर घालता येत नाही. नापास होण्याचं मला एवढं वाटलं नव्हतं, पण माझी धाकटी बहीण दुसरीत होती. म्हणजे जूनपासून ती आणि मी एकाच वर्गात, एकाच रांगेत, आणि ती माझ्याहून हुशार! मी दोन दिवस नीट जेवले नाही.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला बोलावलंत. मार बसणार म्हणून मी रडायच्या तयारीनेच आले होते. तुम्ही विचारलंत, मी साखरेच्या वाटीचं सांगितलं, आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसत सुटलात. तुमच्या घरी उर्दू, पण वर्गात तुम्ही आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलायच्या. हसू आलं की मात्र ती मराठी हातातून सुटायची. "या अल्ला! ही पोरगी चुकत न्हाई, इमानदार हाय." मग डोळे पुसून म्हणालात, "ठीक. आपण उसनं घ्यायचंच नाही. बिलकुल नाही." आणि मला नि माझ्या मैत्रिणीला व्हरांड्यात एकीमागे एक उभं केलंत. ती पुढे, मी मागे. मध्ये किती फरश्या? चार. "आता दोघी बराबर एक पाऊल मागं सरा." आम्ही सरलो. किती? चारच. "बस्. बावन्नाला तीन पावलं मागं घे, अडतिसालाही तीन. आता एकोणपन्नासातून पस्तीस काढ. कुणाच्या दारात जावं लागतंय का?" नव्हतं जावं लागत. चौदा.

परीक्षेला हेडसरांनी मला स्वतः फळ्यापाशी उभं केलं. पाचशे तीन वजा दोनशे सत्त्याऐंशी. मध्ये शून्य. ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच घरात खडखडाट. तुम्ही खिडकीपाशी उभ्या होतात. मी दोन्ही आकडे चार पावलं मागे घेतले, चारशे नव्व्याण्णव, दोनशे त्र्याऐंशी, आणि खाली लिहिलं दोनशे सोळा. सर म्हणाले, "ही कुठली रीत काढली? पुस्तकात तर न्हाई." एरवी त्यांच्यापुढे मान वर न करणाऱ्या तुम्ही पुढे आलात. "सर, उत्तर बघा. पोरीला समजलंय. मी सांगते ना." सरांनी हाताचा खडू झटकला आणि म्हणाले, घाला वर.

बहीण माझ्या मागच्याच वर्गात राहिली. बाई, तुमच्यावर माझा किती जीव होता हे तुम्हाला ठाऊक असेलच, तरी लिहून ठेवते. आज मी त्या पोरीला व्हरांड्यात नेलं. ती मागे सरली, पुन्हा सरली, मग सारा वर्गच सरायला लागला आणि दोघं पायरीवरून खाली पडले. तुम्ही असता तर पुन्हा पदर तोंडाला लावला असता.

हे पत्र पेटीत टाकायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात, पोरीला समजलंय म्हणून. मला तेव्हा काही म्हणजे काही समजलं नव्हतं. दोघी सरल्या तरी अंतर तेवढंच का राहतं, हे डोक्यात शिरलं ते डी.एड.ला असताना, नवीन जालन्यातल्या खोलीवर भाकरी थापता थापता. तव्यावरची भाकर करपली. तोवर तुम्हाला जाऊन वर्ष झालं होतं. त्या दिवशी फळ्यापाशी मी आकड्यांकडे बघितलंच नव्हतं, बाई. तुमच्याकडे बघितलं, तुम्ही मान हलवलीत, म्हणून मी मागे सरले.